म्युनिक विमान अपघात, ६ फेब्रुवारी १९५८: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल संघाला घेऊन निघालेल्या विमानाच्या या अपघाताबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. काही फुटबॉलच्या चाहत्यांचे असतात, काही विमानांचं वेड असलेल्यांचे. बहुतेक प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: विमानाच्या पंखांवर बर्फ साचला होता आणि कॅप्टनने तो काढून घेतला नाही. ही समजूत चुकीची आहे. ती खोडून निघायला अकरा वर्षं लागली आणि तोवर एका वैमानिकाचं आयुष्य होत्याचं नव्हतं झालं होतं. म्हणून इथली काही उत्तरं लांबली आहेत. घाई असेल तर निदान ८, ९ आणि १० हे प्रश्न वाचा.

१. म्युनिकला नेमकं काय घडलं?

६ फेब्रुवारी १९५८ च्या दुपारी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ६०९ क्रमांकाचं विमान म्युनिकच्या रीम विमानतळावरून मँचेस्टरला निघालं होतं. बेलग्रेडहून येताना ते इंधन भरायला तिथे उतरलं होतं. उड्डाणाचे दोन प्रयत्न अर्ध्यावर सोडावे लागले. तिसऱ्या प्रयत्नात, ब्रिटिश वेळेनुसार ३ वाजून ४ मिनिटांनी, विमान जमीन न सोडताच धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं. कुंपण तोडून, रस्ता ओलांडून ते एका घरावर आदळलं. डावा पंख आणि शेपटीचा काही भाग तिथेच तुटला आणि घराने पेट घेतला. विमानाचा उरलेला सांगाडा तसाच घसरत पुढे गेला. त्याची उजवी बाजू एका लाकडी शेडवर धडकली. त्या शेडमध्ये टायर आणि इंधन भरलेला ट्रक उभा होता. त्याचा स्फोट झाला. घरातली माणसं बचावली.

२. विमानात किती जण होते? त्यातले किती गेले?

सहा कर्मचारी धरून ४४ जण होते. त्यांपैकी २३ गेले आणि २१ वाचले.

मँचेस्टर युनायटेडचा संघ युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत रेड स्टार बेलग्रेडशी ३-३ अशी बरोबरी साधून, दोन सामन्यांचे गोल मिळून ५-४ अशा आघाडीने उपांत्य फेरी गाठून परतत होता. त्यातले आठ खेळाडू गेले: रॉजर बर्न, जेफ बेंट, एडी कोलमन, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, टॉमी टेलर, बिली व्हेलन आणि डंकन एडवर्ड्स. एडवर्ड्स अवघ्या २१ वर्षांचे होते. ते पंधरा दिवस रुग्णालयात झुंजले आणि २१ फेब्रुवारीला गेले. क्लबचे तीन कर्मचारी आणि आठ पत्रकारही मृतांत होते. त्या पत्रकारांत इंग्लंडचे एके काळचे गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट होते. सहवैमानिक केनेथ रेमेंट मार्चमध्ये रुग्णालयातच वारले.

३. विमान कोणतं होतं? जुनाट होतं का?

एअरस्पीड अँबॅसेडर, नोंदणी जी-एएलझेडयू. पंख्याची दोन पिस्टन इंजिनं, वरच्या अंगाला जोडलेले पंख आणि नाकाखाली चाक, अशी त्याची ठेवण. कंपनीत या जातीला ‘एलिझाबेथन’ म्हणत. विमान जुनाट नव्हतं आणि अपघाताचं मूळ विमानाच्या वयात नाही.

४. पहिले दोन प्रयत्न का सोडले? विमानातच बिघाड होता ना?

बिघाड म्हणण्यापेक्षा त्या इंजिनांची ती एक खोड होती. म्युनिक समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. अशा उंचीवरच्या विमानतळांवर अँबॅसेडरच्या सेंटॉरस इंजिनांत इंधनाचं मिश्रण जास्त दाट व्हायचं आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब वरखाली होऊ लागायचा. वैमानिक याला ‘बूस्ट सर्जिंग’ म्हणत. कानाला इंजिनाचा सूर चढता-उतरता लागतो आणि दाबाच्या तबकडीतला काटा थरथरतो. दोन्ही वेळा हेच झालं आणि दोन्ही वेळा वैमानिकांनी वेग कमी असतानाच थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढून विमान थांबवलं. शंका आली की थांबायचं, हा नियम त्यांनी पाळला होता.

त्यावरचा उपाय ठाऊक होता. थ्रॉटल एका दमात पुढे न ढकलता सावकाश उघडायचा. दोष एवढाच की इंजिन पूर्ण ताकदीला उशिरा येतं आणि धावपट्टी थोडी जास्त खर्ची पडते.

५. दोनदा अडल्यावर तिसऱ्यांदा प्रयत्न कशाला? रात्र तिथेच का काढली नाही?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांच्या मनात राग असतो आणि तो मला समजतो. दुसऱ्या प्रयत्नानंतर प्रवाशांना उतरवून इमारतीत नेलं होतं. बाहेर बर्फ पडत होता. आज काही आपण जात नाही असं बऱ्याच जणांना वाटलं. डंकन एडवर्ड्सने मँचेस्टरला आपल्या घरमालकिणीला तारही केली की उड्डाणं रद्द झाली आहेत, उद्या येतो. तार पोचली तेव्हा अपघात होऊन गेलेला होता.

विमान कंपनीचे तिथले अभियंते विल्यम ब्लॅक यांनी वैमानिकांना एक पर्याय सांगितला होता: रात्रभर थांबा, इंजिनांची जुळणी (ट्यूनिंग) नव्याने करून घेऊ. कॅप्टन जेम्स थेन यांना त्याची गरज वाटली नाही. थ्रॉटल सावकाश उघडला की सर्जिंग आटोक्यात येतं आणि धावपट्टी त्यासाठी पुरेशी लांब आहे, असा त्यांचा हिशेब होता. धावपट्टी सुमारे १९०० मीटरची होती आणि कोरड्या धावपट्टीवर हा हिशेब बरोबरच होता. तो कुठे चुकला ते प्रश्न ८ मध्ये आहे.

६. तिसऱ्या वेळी कॉकपिटमध्ये काय घडलं?

डाव्या खुर्चीत रेमेंट बसून विमान चालवत होते. थेन उजवीकडे, नजर तबकड्यांवर. (असं का, ते प्रश्न १३ मध्ये.) ३ वाजून २ मिनिटांनी नियंत्रण कक्षाने कळवलं की दिलेली परवानगी ३ वाजून ४ मिनिटांनी संपते. विमान निघालं.

थ्रॉटल सावकाश उघडला. ८५ नॉटच्या सुमारास डाव्या इंजिनाला पुन्हा सर्जिंग जाणवलं. थेननी त्याचा थ्रॉटल किंचित मागे घेतला आणि हळूहळू परत पूर्ण पुढे नेला. इंजिन सुरळीत झालं. वेगाचा काटा ११७ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे २१७ किलोमीटरवर आला आणि थेननी ‘व्ही-वन’ असा पुकारा केला. आता आणखी दोनच नॉट हवे होते. ११९ झाले की सुरक्षित उड्डाणाचा वेग गाठला जाणार होता.

काटा वर सरकायचा थांबला. मग मागे आला. ११२ वर उतरला, आणि तिथून १०५ वर. दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीने चालू असताना वेग कमी होत होता. हे थेननी त्या घटकेपासून शेवटपर्यंत, प्रत्येक चौकशीत, एकाच तऱ्हेने सांगितलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं उत्तर त्या १२ नॉटमध्ये होतं. पण पहिल्या, जर्मन चौकशीत ते कोणी मनावर घेतलं नाही.

७. व्ही-वन म्हणजे काय? वेग उतरतोय दिसल्यावर ब्रेक का मारले नाहीत?

व्ही-वन हा निर्णयाचा वेग. त्याच्या आत काही बिनसलं तर उरलेल्या धावपट्टीत थांबता येतं. तो ओलांडला की थांबायला जागा उरत नाही. मग काहीही होवो, विमान हवेत न्यायचं. म्हणून व्ही-वनचा पुकारा झाला की वैमानिक थ्रॉटलवरचा हात काढून घेतो, म्हणजे घाबरून मागे ओढायचा मोहसुद्धा होऊ नये.

म्युनिकला व्ही-वन झाल्यावर वेग उतरला. अशी वेळ येईल हे त्या काळच्या कुठल्याही नियमावलीत धरलेलंच नव्हतं. एकदा गाठलेला वेग, इंजिनं नीट चालत असताना, कमी कसा होईल? ब्रेक मारायचे म्हटलं तरी उरलेल्या काही सेकंदांत, राड झालेल्या धावपट्टीवर ते कितपत लागले असते याचा विचार करा. सोबत पुढे कुंपण दिसत होतं.

८. मग अपघाताचं खरं कारण काय?

धावपट्टीवर साचलेला बर्फाचा चिखल. इंग्रजीत ज्याला ‘स्लश’ म्हणतात तो. ताजा भुसभुशीत बर्फही नाही आणि कडक गोठलेला थरही नाही. अर्धवट वितळलेला, पाण्याने जड झालेला लगदा.

गुडघाभर पाण्यातून चालताना पाय जड होतात. पळायला गेलं तर नुसते जड होत नाहीत, अडतात. तेच इथे. चाकाला प्रत्येक क्षणी समोरचा लगदा बाजूला फेकावा लागतो आणि त्या फेकण्याची किंमत वेगातून जाते. ही किंमत वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. जाडी वाढली की तिच्या प्रमाणात विरोध वाढतो, आणि लगद्यात पाणी जितकं जास्त तितका तो जड. शिवाय चाकांनी उडवलेला फवारा विमानाच्या पोटावर, पंखांच्या खालच्या अंगावर आदळतो तो वेगळाच. नाकाखाली चाक असलेल्या विमानात हा त्रास जास्त, कारण पुढचं चाक स्वतः लगदा कापतं आणि मागच्या भागावर उडवतं.

सावकाश चालणाऱ्या माणसाच्या बुटाखाली तो एक-दीड सेंटिमीटरचा थर म्हणजे काहीच नाही, आणि घोटाळा नेमका इथेच झाला. विमानतळाचे लोक धावपट्टीवरून गाडीने फिरून, पायाने चाचपून बघायचे आणि ठीक आहे म्हणायचे. ताशी दोनशे किलोमीटरला तोच थर काय करतो हे त्या वेळी फार थोड्यांना माहीत होतं. नाकाखाली चाक असलेली विमानं तेव्हा तुलनेने नवी होती. लगद्याची किती जाडी चालेल याचे पक्के आकडे वैमानिकांच्या हाती नव्हते.

१९६० च्या दशकात हे प्रयोग करून मोजलं गेलं. १९६१ मध्ये अमेरिकेत कॉन्व्हेअर ८८० हे जेट विमान मुद्दाम पसरलेल्या लगद्यातून पळवलं, ब्रिटनमध्येही चाचण्या झाल्या. विरोधाचे आकडे कोणाच्याही अंदाजापेक्षा मोठे निघाले.

९. पहिल्या दोन वेळा चिखल आडवा आला नाही, मग तिसऱ्यांदाच कसा?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण उलगडा याच्यात आहे.

धावपट्टीचा सुरुवातीचा भाग त्या दुपारी वापरात होता. इतर विमानं तिथून पळाली होती. आपलं विमानही त्याच भागातून दोनदा पळून थांबलं होतं. चाकांनी तिथला लगदा बराचसा उडवून दिला होता. शेवटचा भाग मात्र तसाच होता. उडणारं विमान तिथे येईपर्यंत हवेत गेलेलं असतं, त्यामुळे तिथे चाक लागत नाही, आणि दोन्ही सोडून दिलेल्या प्रयत्नांत हे विमान तिथवर पोचलंच नव्हतं.

तिसऱ्या वेळी थ्रॉटल सावकाश उघडल्यामुळे धावपट्टी जास्त लागली. म्हणजे विमान सर्वांत जास्त वेगात असताना, ११७ नॉटला, अस्पर्श राहिलेल्या लगद्यात शिरलं. विरोध वर्गाने वाढतो हे मागच्या उत्तरात पाहिलं. इंजिनाची ताकद तेवढीच, विरोध अचानक कितीतरी जास्त. काटा मागे येणारच.

१०. पण जर्मन चौकशीत पंखांवर बर्फ होता हे सिद्ध झालं होतं ना?

तसा निष्कर्ष काढला गेला होता, हे खरं. सिद्ध झालं होतं असं मी म्हणणार नाही.

मुख्य जर्मन तपास अधिकारी हान्स राइखेल अपघातस्थळी पोचले ते सुमारे सहा तासांनी, रात्री. तोवर बर्फ पडतच होता. मोडलेल्या विमानाच्या पंखावर ताज्या बर्फाचा जाड थर होता आणि त्याखाली पत्र्याला चिकटलेला खरखरीत गोठलेला थर. यावरून ठरवलं गेलं की हा खालचा थर उड्डाणाच्या वेळीही होता, त्याने पंखांची उचल (विमानाला वर उचलणारा जोर) कमी केली आणि तेच निर्णायक कारण. १९५९ चा अहवाल हेच सांगतो.

यात तीन गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. पहिली: सहा तास थंडीत पडलेल्या, तापमान उतरत असताना वरून बर्फ झेलणाऱ्या पंखावरचं पाणी पुन्हा गोठणार नाही तर काय होईल? रात्रीचा पंख दुपारच्या पंखाचा पुरावा कसा होतो? दुसरी: थेन आणि रेमेंट या दोघांनी पंख पाहिले होते. बर्फ वितळून पाणी पंखाच्या कडेवरून ओघळताना दिसत होतं, म्हणून त्यांनी पंख साफ करून घेतले नाहीत. अपघातानंतर लगेच पोचलेल्या एका जर्मन वैमानिक-अभियंत्यानेही पंखावर गोठलेला थर नव्हता असंच सांगितलं. त्याच्या म्हणण्याला वजन मिळालं ते मात्र दहा वर्षांनी, लंडनच्या चौकशीत.

तिसरी सगळ्यांत मोठी. पंखावरचा बर्फ उचल कमी करतो. म्हणजे उडायला जास्त वेग लागतो. पण जमिनीवर पळणाऱ्या विमानाचा गाठलेला वेग तो एकाएकी १२ नॉटने खाली ओढत नाही. थेन वेग उतरला म्हणून सांगत होते, आणि चौकशी उचल कमी पडली म्हणून उत्तर देत होती. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पंख साफ आहेत की नाही हे बघणं कॅप्टनचं काम. धावपट्टी साफ आहे की नाही हे बघणं विमानतळाचं काम. पंख दोषी ठरला की जबाबदारी एका माणसावर येऊन थांबत होती.

११. पंखांवर पांढरा थर दिसणारा फोटो मी पाहिलाय. त्याचं काय?

उड्डाणाच्या थोडं आधी विमानतळाच्या इमारतीवरून काढलेला तो फोटो. पंखांचा वरचा भाग त्यात पांढराशुभ्र दिसतो आणि पहिल्या चौकशीत तो थेन यांच्याविरुद्ध मोठाच पुरावा ठरला. पण तिथे पाहिला गेला तो प्रतीवरून काढलेला फोटो. पुढे मूळ निगेटिव्ह तपासली तेव्हा पंखांवर बर्फ नसून ओल्या पत्र्यावरून परावर्तित झालेला उजेड असल्याचं दिसलं. छापलेल्या प्रतींत तो फोटो अजूनही फिरतो, म्हणून हा प्रश्नही दर वर्षी येतो.

१२. म्हणजे पंखांवरच्या बर्फामुळे विमानं पडतच नाहीत का?

पडतात, आणि वाईट पडतात. प्रश्न १० चा असा अर्थ कृपया काढू नका. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनहून निघालेलं एअर फ्लोरिडाचं विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत पडलं. पंखांवर बर्फ होता, शिवाय इंजिनाच्या मापकाची नळी गोठल्याने ताकद खऱ्यापेक्षा जास्त दिसत होती. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण गेले. १० मार्च १९८९ ला कॅनडातल्या ड्रायडनला एअर ओंटारियोचं विमान पंखांवरच्या बर्फासह उडालं आणि २४ जण गेले. या अपघातांत विमान जमीन सोडून उठलं आणि मग हवेत तग धरू शकलं नाही. म्युनिकचं विमान उठलंच नाही.

१३. कॅप्टन थेन उजव्या खुर्चीत का बसले होते? तीच चूक नडली का?

दोघेही कॅप्टन दर्जाचे, एकमेकांचे मित्र. जाताना थेननी विमान चालवलं होतं, परतताना रेमेंट चालवणार असं ठरलं होतं, आणि अँबॅसेडरचा अनुभव रेमेंट यांना जास्त होता. रेमेंट डावीकडे बसले. कंपनीच्या नियमाप्रमाणे विमानाच्या प्रमुखाने डावीकडे बसायला हवं होतं. तो नियम मोडला हे खरं आहे. पण खुर्ची कोणतीही असती तरी धावपट्टीवरचा लगदा तोच होता. अपघाताच्या कारणाशी याचा संबंध नाही. थेन यांना नोकरीवरून काढायला मात्र तो कामी आला.

१४. संघाचे व्यवस्थापक मॅट बस्बींनी लवकर निघायचा दबाव आणला होता का?

दोन दिवसांनी, शनिवारी, वुल्व्हरहॅम्प्टनशी लीगचा सामना होता, आणि युरोपातल्या सामन्यांपायी लीगच्या वेळापत्रकात खंड पडू नये यासाठीच क्लबने स्वतंत्र विमान घेतलं होतं. घाई होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण उडायचं की नाही हा निर्णय वैमानिकांचा होता आणि त्यांनी तो इंजिनाच्या हिशेबावर घेतला (प्रश्न ५). बस्बी स्वतः मरणाच्या दारातून परतले. रुग्णालयात दोनदा त्यांच्यासाठी अंतिम प्रार्थना म्हटली गेली होती.

१५. मागच्या बाजूला बसलेले वाचले का? मागे बसणं सुरक्षित असतं असं म्हणतात.

त्या दिवशी काहींनी हाच विचार केला. दुसऱ्या प्रयत्नानंतर टॉमी टेलर आणि डेव्हिड पेग मागच्या जागांवर जाऊन बसले. दोघेही गेले, कारण मागचा भागच शेडवर आदळून पेटला. कोणती जागा सुरक्षित हे विमान कशावर, कुठल्या बाजूने आदळतं त्यावर ठरतं.

१६. बचावकार्य कोणी केलं?

पहिल्या काही मिनिटांत वाचलेल्यांनीच. गोलरक्षक हॅरी ग्रेग बाहेर पडले आणि परत आत शिरले. एक लहान मुलगी, तिची गरोदर आई, बॉबी चार्लटन, डेनिस व्हायोलेट अशांना त्यांनी बाहेर ओढलं. थेन बाहेर पडले आणि हातातली छोटी अग्निशामकं घेऊन पंखाखालच्या ज्वाळांकडे गेले. रेमेंट आत अडकले होते. इंधनाच्या टाक्या कधी फुटतील सांगता येत नव्हतं.

१७. अतिवेगात चाक पाण्यावर तरंगतं ना? मग विरोध कमी व्हायला हवा होता.

जाणकार वाचकांचा प्रश्न, आणि बरोबर प्रश्न. ठरावीक वेगाच्या वर चाक पाण्याच्या थरावर चढून तरंगू लागतं. टायरमधला दाब जितका जास्त तितका हा वेग जास्त. पाण्यासाठीचा ढोबळ हिशेब असा: दाब पौंड प्रति चौरस इंचात घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, नऊने गुणा, म्हणजे नॉटमध्ये वेग येतो. ६४ पौंड दाब असेल तर ७२ नॉट. तिथून पुढे चाकावरचा विरोध हळूहळू उतरतो.

पण ‘उतरतो’ म्हणजे नाहीसा होत नाही. लगद्याची जाडी जागोजागी वेगळी असते, फवाऱ्याचा मार विमानाच्या अंगावर बसतच राहतो, आणि कमी लगद्याच्या भागातून अचानक जास्त लगद्यात शिरलं तर एकूण विरोध वाढतोच. तरंगणाऱ्या चाकाला ब्रेकही लागत नाही, त्यामुळे प्रश्न ७ चं उत्तर आणखी कठीण होतं.

१८. थेन यांचं पुढे काय झालं?

अपघातानंतर त्यांना लगेच उड्डाणावरून उतरवलं आणि १९६० च्या अखेरीस नोकरीवरून काढलं. ते कोंबड्या पाळून गुजराण करू लागले. त्या सगळ्या वर्षांत ते आकडे जमवत राहिले, लगद्यावरचे नवे प्रयोग वाचत राहिले, पत्रं लिहीत राहिले. वैमानिकांची संघटना त्यांच्या पाठीशी होती. १९६५ मध्ये जर्मनीत प्रकरण पुन्हा उघडलं. लगद्याचा वाटा तिथे मान्य झाला, पण मुख्य कारण पंखांवरचा बर्फच, हे पालुपद सुटलं नाही.

शेवटी १९६८ मध्ये लंडनला एडवर्ड फे यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश चौकशी बसली. जून १९६९ च्या तिच्या अहवालात कारण म्हणून धावपट्टीवरचा लगदा नोंदवला गेला आणि कॅप्टन थेन यांच्यावर दोष येत नाही असं स्पष्ट म्हटलं गेलं. जर्मन बाजूने आपला निष्कर्ष बदलला नाही. थेन पुन्हा प्रवासी विमानाच्या खुर्चीत बसले नाहीत. १९७५ मध्ये, पन्नाशीतच, हृदयविकाराने ते गेले.

१९. आज अशी धावपट्टी असेल तर काय करतात?

लगद्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून वैमानिकाला कळवतात आणि त्यानुसार व्ही-वन, वजन, लागणारी लांबी यांचा हिशेब नव्याने मांडला जातो. बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांना साधारण अर्ध्या इंचाहून जाड लगद्यातून उड्डाण करायला मनाईच असते.

नोव्हेंबर २०२१ पासून जगभरासाठी एकच अहवालपद्धत आली आहे. धावपट्टीच्या स्थितीला ० ते ६ असा अंक देतात. कोरडी असेल तर ६. तीन मिलिमीटरहून जास्त लगदा असेल तर थेट २. आणि हा अंक सबंध धावपट्टीला मिळून एक नसतो. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाचा अंक वेगळा सांगतात: पहिला तृतीयांश, मधला, शेवटचा. ११७ नॉटवरून काटा मागे आला तेव्हा ते विमान या शेवटच्या भागाकडे धावत होतं.